गाडीची राखण: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मोटारचोरीवर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे या वेळी घेतली आहेत. बरीच पत्रे वाचून एक गोष्ट लक्षात आली. लोक गाडी राखायला काही ना काही विकत घेतात, पण ते त्यांच्या गाडीच्या कामाचे असतेच असे नाही. वीस वर्षांची गाडी तारा जोडून नेतात, बटणस्टार्ट गाडी तुमच्याच किल्लीचा सिग्नल वापरून नेतात, आणि इको व्हॅन जागेवरच ठेवून तिचा सायलेन्सर नेतात. त्यामुळे बाजारात जाण्याआधी आपली गाडी कोणत्या वाटेने जाईल ते ओळखायला हवे.

प्रश्न: आमची नवी गाडी बटणस्टार्ट आहे. किल्ली खिशात असली की दार उघडते. अशा गाड्या काच न फोडता मिनिटभरात नेतात असे ऐकले. किल्ली रात्री स्टीलच्या डब्यात ठेवली तर चालेल का? (वाकड, पुणे)

ऐकले ते खरे आहे. तुम्ही दाराच्या मुठीला हात लावता तेव्हा गाडी कमी वारंवारतेचा, बहुधा 125 किलोहर्ट्‌झचा, सिग्नल सोडते. तो मीटर-दीड मीटरपर्यंतच पोहोचतो. किल्ली तो ऐकते आणि 433 मेगाहर्ट्‌झच्या आसपास उत्तर देते. चोर दोघे असतात. एक गाडीपाशी, दुसरा तुमच्या दाराबाहेर किंवा खिडकीखाली. दोघांकडची यंत्रे गाडीचा अशक्त सिग्नल उचलून लांब नेतात, त्यामुळे किल्ली शेजारीच आहे असे गाडीला वाटते. दार उघडते, इंजिनही सुरू होते. एकदा सुरू झालेले इंजिन किल्ली दूर गेली म्हणून आपोआप बंद पडत नाही. चालत्या रस्त्यात गाडी थांबू नये म्हणून कंपन्यांनीच ते तसे ठेवले आहे.

स्टीलचा डबा चालतो, पण त्याचे झाकण चहूबाजूंनी घट्ट बसले पाहिजे. सैल झाकणाच्या फटीतून सिग्नल निसटतो. म्हणून आधी चाचणी घ्या. किल्ली डब्यात घाला, डबा हातात धरून गाडीच्या दाराला अगदी चिकटून उभे राहा आणि मूठ ओढा. दार उघडले तर डबा बाद. बाजारात मिळणाऱ्या सिग्नलरोधक पाकिटांचीही हीच परीक्षा घ्यायची आणि दर दोन-तीन महिन्यांनी परत घ्यायची, कारण आतले धातूचे कापड घडीवर झिजते आणि वरून ते दिसत नाही. दुसरी किल्ली कपाटात उघडीच पडलेली असते, हे बहुतेक घरांत विसरले जाते. ती चोराला तितकीच उपयोगी.

काही किल्ल्या थोडा वेळ हलल्या नाहीत तर स्वतः झोपी जातात. काही गाड्यांत किल्ली खिशात असताना दार उघडण्याची सोयच मेनूतून बंद करता येते. मॅन्युअलमध्ये पाहा किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा. असे करता येत असेल तर पाकिटापेक्षा हे जास्त भरवशाचे. किल्ली गाडीजवळच्या भिंतीवर टांगत असाल तर तेही सोडा. गाडीच्या सिग्नलने ती सारखी जागी होते आणि आतला छोटा सेल लवकर उतरतो.

पण पाकिटाने एकच वाट बंद झाली. दुसरी वाट आहे स्टीअरिंगखालच्या 16 पिनांच्या ओबीडी सॉकेटची. गॅरेजवाला दोष वाचायला जिथे यंत्र जोडतो तेच हे. मागची छोटी काच फोडून आत शिरायचे, तिथे यंत्र लावून गाडीला कोरी किल्ली ओळखायला लावायची, हा प्रकार किल्लीच्या पाकिटाने थांबत नाही. त्यासाठी सॉकेटवर बसणारे कुलूपबंद झाकण मिळते. ते बसवले तर सर्व्हिसला देताना त्याची किल्ली सोबत द्या. आणि दोन्ही वाटांवर चालणारा जुना उपाय म्हणजे गिअर लॉक. गिअर फिरकी किंवा बटणाचा असेल तर तो बसत नाही, मग ब्रेक पेडलचे कुलूप घ्या. गिअर लॉक घेताना एकच पाहा: तो ज्या बोल्टांनी खालच्या पत्र्याला बसतो त्यांची डोकी घट्ट केल्यावर तुटून जाणारी आहेत का. साधे नट असतील तर कन्सोलचे प्लॅस्टिक उचकटून दहा नंबरच्या पान्याने तो सुटतो. स्टीअरिंगला आडवा लावायचा लाल-पिवळा दांडा लांबून दिसतो, तेवढाच त्याचा फायदा. दांडा कितीही जाड असला तरी स्टीअरिंगची कडी करवतीने कापली जाते.

प्रश्न: वडिलांची जुनी मारुती 800 (एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनची) अजून वापरात आहे. रस्त्यावर उभी असते. तिच्यात इमोबिलायझर (खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) नाही. लपवलेला चोरस्विच बसवावा म्हणतो. इलेक्ट्रिशियन इग्निशनची वायर तोडून मध्ये स्विच घालायचा म्हणतो. बरोबर आहे का? (सातारा)

स्विच बसवा, पण त्या जागी नको. इग्निशनच्या मुख्य वायरमधून भरपूर करंट जातो. तिथे छोटा स्विच घातला तर तो तापतो आणि एक दिवस घाटात गाडी बंद पडते. शिवाय तारा जोडणारा चोर स्टीअरिंगखाली हात घालतो आणि तीच वायर आधी तपासतो.

योग्य जागा म्हणजे टाकीतले पेट्रोल इंजिनला पोहोचवणाऱ्या पंपाच्या रिलेची कॉइल. रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, आणि कॉइल म्हणजे त्याला चालवणारे तारेचे वेटोळे. पंप स्वतः काही अँपिअर करंट घेतो, पण त्याला चालू करणाऱ्या रिलेची कॉइल अँपिअरचा पाचवा हिस्साही घेत नाही. म्हणून त्या वायरमध्ये लहान स्विच आणि 0.75 चौरस मिमीची बारीक वायर पुरते. काहीही तापत नाही. रिलेवर आकडे छापलेले असतील तर 85 आणि 86 या कॉइलच्या पिना, 30 आणि 87 या पंपाच्या करंटच्या. आकडे नसतील तर रिले काढून मल्टिमीटरने ओहम पाहा. ज्या दोन पिनांत साधारण 60 ते 120 ओहम दिसतील ती कॉइल. यांतल्या एका वायरला तोडून तिची दोन टोके लपवलेल्या स्विचपर्यंत न्यायची.

वायर तोडण्याआधी हा रिले पंपाचाच आहे याची खात्री करा. किल्ली 'ऑन'वर नेली, स्टार्टर मारला नाही, तर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो. तो पंप लाइनमध्ये दाब भरत असतो. रिले उपसला की हा आवाज बंद झाला पाहिजे. स्विच बसवल्यावरही हीच परीक्षा. स्विच बंद, किल्ली ऑन, आणि मागे पूर्ण शांतता.

पंप बंद असतानाही लाइनमध्ये उरलेल्या दाबावर इंजिन सुरू होऊन काही सेकंद चालू शकते. चोर गाडी फार तर कोपऱ्यापर्यंत नेईल आणि ती तिथे बंद पडेल. याने घाबरून स्विच चालत नाही असे समजू नका. गाडी जागची हलूच नये असे वाटत असेल तर तोच उपाय स्टार्टर रिलेच्या कॉइलवर करा, मात्र ती गाडी ढकलून सुरू करता येते. जुन्या गाडीला आमची पसंती पंपाला.

बिघडते ते जोडाच्या ठिकाणी. वायरी पिळून वरून टेप गुंडाळला की उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो, पावसाळ्यात तांबे हिरवे पडते, आणि धक्क्याला पंप मध्येच बंद होतो. क्रिम्प किंवा डाग देऊन जोडा, वर आकसणारी नळी चढवा. वायर फिरत्या वस्तूपासून आणि धारदार पत्र्याच्या कडेपासून दूर न्या. पत्र्याच्या भोकातून नेताना रबरी बुच घाला. स्विच बसल्या जागेवरून हात पोहोचेल असा, पण गुडघा किंवा पायपुसणे लागून चालत्या गाडीत बंद होणार नाही असा. सर्व्हिसला देताना फक्त हेड मेकॅनिकला सांगा.

नव्या, वॉरंटीतल्या गाडीला हा उपाय करू नका. त्यात पंपावर संगणक लक्ष ठेवतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि वायरिंग छेडल्याचे कारण पुढे करून वॉरंटीचा दावा अडतो. कॉमन रेल डिझेल इंजिनांत तर प्रत्येक गाडीची रचना वेगळी, तिथे त्या कंपनीचे वायरिंग ओळखणाऱ्यालाच विचारा.

प्रश्न: आमच्या इकोचा सायलेन्सर एका रात्रीत गेला. सकाळी गाडी सुरू केली तर ट्रॅक्टरसारखा आवाज. गल्लीतल्या आणखी दोन इको तशाच. नवा बसवला तर तोही जाईल. काय करावे? (चाकण)

चोराला सायलेन्सर नको असतो. त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, हवा असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. जाळी फोडून तिची पूड विकली जाते. या धंद्यात तिला 'माती' म्हणतात. कन्व्हर्टर अलीकडच्या सर्वच पेट्रोल-सीएनजी गाड्यांत असतो. इकोचीच निवड होते ती रचनेमुळे. बहुतेक मोटारींत इंजिन पुढे बॉनेटखाली, त्यामुळे कन्व्हर्टर इंजिनला चिकटून आणि हाताला न लागणारा. इकोचे इंजिन पुढच्या सीटखाली, एक्झॉस्ट गाडीच्या पोटाशी उघडा, आणि गाडी इतकी उंच की जॅक न लावता माणूस खाली सरकतो. नट सुटले की काम झाले.

नवा बसवतानाच पुढचे करून घ्या. जोडाच्या नटांना ते पूर्ण घट्ट केल्यावर वेल्डिंगचा एकेक ठिपका द्या. पान्याने ते सुटणार नाहीत. पुढे गॅस्केट बदलायची वेळ आली तर ग्राइंडरने कापावे लागेल, तेवढा त्रास पत्करा. त्यावर 3 मिमी पत्र्याची किंवा सळयांची जाळी कन्व्हर्टरखाली चॅसिसला बसवा. कन्व्हर्टर चालताना काहीशे अंश तापतो, म्हणून जाळी आणि त्याच्यात किमान बोटभर, 25 मिमी, अंतर हवे आणि हवा खेळायला भोके हवीत. बंद डबा करू नका. आत अडकलेले वाळलेले गवत किंवा प्लॅस्टिकची पिशवी पेट घेऊ शकते. काही जण जाड पोलादी दोर गुंडाळून चॅसिसला बांधतात. तेही चालते, पण दोर ताणून बांधू नका. एक्झॉस्ट रबरांवर लोंबकळत असतो आणि त्याला हलायला जागा लागते. ताणलेला दोर महिन्या-दोन महिन्यांत जोड फोडतो.

वेल्डिंग करताना बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, ऑक्सिजन सेन्सर सोडवून बाजूला ठेवा, आणि वेल्डिंगचा अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट गाडीच्या संगणकातून वाट काढतो. सीएनजी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधला गॅस संपवल्याशिवाय ठिणगी पाडू नका. हे काम सीएनजी किट बसवणाऱ्या केंद्राच्या देखरेखीतच व्हावे.

कन्व्हर्टरच्या अंगावर गाडीचा नंबर ठळक कोरा आणि उष्णतारोधक भडक रंग मारा. घेणारा भंगारवाला तो माल घ्यायला कचरतो. आणि गल्लीत तीन इको गेल्या असतील तर तिघांनी एकत्र जाऊन तक्रार द्या. एकाच रात्रीच्या तीन तक्रारींवरून पोलिसांना कॅमेऱ्यांची वेळ जुळवता येते.

प्रश्न: जीपीएस ट्रॅकर बसवला आहे. दरवर्षी गणपतीनंतर आम्ही महिनाभर मुलाकडे बंगळुरूला जातो. गेल्या वेळी परत आलो तर बॅटरी पूर्ण उतरलेली. ट्रॅकरमुळे का? (ठाणे)

एकट्या ट्रॅकरमुळे नाही, पण त्याचा वाटा आहे. हिशेब करून पाहा. बंद गाडी घड्याळ, अलार्म, संगणक यांना मिळून साधारण 25 मिलिअँपिअर घेते. ट्रॅकर सरासरी 15 घेतो असे धरा. एकूण 40, म्हणजे दिवसाला जवळपास 1 अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची. वीस दिवसांत निम्म्याहून जास्त संपते आणि जुनी बॅटरी तेवढ्यावर स्टार्टर फिरवत नाही. शेजाऱ्यांना आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास बाहेर फिरवायला सांगा. जागेवर दहा मिनिटे चालू ठेवण्याने बॅटरी भरत नाही. ते जमत नसेल तर निगेटिव्ह केबल काढा आणि गिअर लॉक लावा. केबल काढल्यावर अलार्म बंद होतो आणि ट्रॅकर त्याच्या आतल्या छोट्या बॅटरीवर थोडाच काळ टिकतो, हे ध्यानात ठेवा.

ट्रॅकरविषयी आम्हाला कळकळीने सांगायचे आहे ते असे: चोरीच्या दिवशी ट्रॅकर मुका निघतो तो बहुतेक वेळा सिमचे रिचार्ज संपल्यामुळे. आजच अॅप उघडा आणि शेवटची नोंद किती वेळापूर्वीची आहे ते पाहा. फक्त 2जीवर चालणारे यंत्र असेल तर बदला, ते जिओच्या जाळ्यावर चालतच नाही. ओबीडी सॉकेटमध्ये खोचायचा ट्रॅकर चोर आत बसताक्षणी उपसून फेकतो. वायरवाला घ्या आणि डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकखाली, अँटेना आकाशाकडे करून ठेवा. वर पत्रा आला तर उपग्रह दिसत नाहीत.

ब्लूटूथचे छोटे टॅग दुसरी फळी म्हणून सीटच्या फोममध्ये लपवायला चांगले. मात्र अनोळखी टॅग सोबत फिरतो आहे अशी सूचना चोराच्या फोनलाही काही वेळाने जाते, म्हणून सगळी भिस्त त्यावर नको. आणि नकाशावर गाडी दिसली तरी एकट्याने मागे जाऊ नका. 112 वर फोन करून ठिकाण सांगत राहा.

प्रश्न: मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये रिमोटने गाडी लॉक केली होती, तरी दार उघडे मिळाले आणि डिकीतली बॅग गेली. कुठेही ओरखडा नाही. (सांगली)

जवळ कोणीतरी रिमोटचा सिग्नल दाबणारे यंत्र चालू ठेवले असणार. तुम्ही बटण दाबता, गाडीला ऐकू जात नाही. बटण दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकले का आणि आरसे मिटले का ते पाहा आणि मूठ एकदा ओढून बघा. नाही झाले तर किल्लीच्या पात्याने लॉक करा. बॅग डिकीत ठेवायचीच तर निघण्याच्या ठिकाणी ठेवा, पोहोचल्यावर सगळ्यांसमोर नको.

प्रश्न: गाडी चोरीला गेली आहे. तीन वर्षांची होती. विमा पूर्ण आहे, पण एक किल्ली दीड वर्षापूर्वी हरवली होती. पैसे मिळतील का? पोलीस ठाण्यात आधी 'आमची हद्द नाही' म्हणाले. (सोलापूर)

हद्दीचा मुद्दा आधी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली, चोरीचा. एफआयआरमध्ये चॅसिस आणि इंजिन नंबर अचूक लिहिलेत ना ते स्वतः वाचा. एका अक्षराच्या चुकीने दावा महिनोन्‌महिने अडतो.

त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा आणि आरटीओला लेखी द्या. विमा कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून धीर सोडू नका. एफआयआर लगेच केलेला असेल तर केवळ त्या उशिरासाठी खरा दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2020 मध्ये सांगितले आहे. फास्टॅगच्या खात्यावर लक्ष ठेवा. टोल कापल्याचा मेसेज आला तर नाक्याचे नाव आणि वेळ लगेच तपास अधिकाऱ्याला द्या. ई-चलान आले तर तेही.

किल्लीचा प्रश्न खरा अडचणीचा आहे. कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. हरवल्याची पोलीस नोंद किंवा नवी किल्ली केल्याचे बिल त्या वेळचे असेल तर जोडा. नसेल तर जे घडले ते तारखेसह लेखी सांगा. नवी किल्ली घाईने बनवून जुनी म्हणून देऊ नका, ते उघडकीस येते आणि सगळाच दावा जातो. इतर वाचकांनी यातून एवढे घ्यावे: किल्ली हरवली की त्याच आठवड्यात नोंद करा, सर्व्हिस सेंटरमधून तिचा कोड गाडीच्या स्मृतीतून पुसून घ्या, आणि जमल्यास दाराचे कुलूपही बदला, कारण कोड पुसला तरी पात्याने दार उघडतेच.

रक्कम मिळते ती आयडीव्हीएवढी, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या घसारा वजा किमतीएवढी, गाडी घेतलेल्या किमतीएवढी नाही. रूढ घसारा तक्त्यात दोन ते तीन वर्षांच्या गाडीला 30 टक्के, तीन ते चार वर्षांच्या गाडीला 40 टक्के वजावट असते. 'रिटर्न टू इनव्हॉइस' जोड घेतली असेल तर फरक भरून निघतो. पोलिसांनी तपास करून गाडी सापडत नाही असा 'अ' समरी अहवाल न्यायालयात दिला की दाव्याचे मुख्य काम पुढे सरकते, त्याची प्रत मागत राहा. सोबत आरसी, पॉलिसी, आरटीओचे 28, 29, 30 नंबरचे फॉर्म, कर्ज असेल तर 35 नंबरचा फॉर्म आणि बँकेचे पत्र लागते.

किल्ली गाडीतच राहून चोरी झाली असेल तरी दावा सोडू नका. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा एका प्रकरणात 75 टक्के रक्कम देणे योग्य ठरवले आहे.

प्रश्न: जुनी गाडी घेतो आहे. ती चोरीची नाही हे कसे ओळखावे? (छत्रपती संभाजीनगर)

अपघातात संपलेल्या गाडीची कागदपत्रे भंगारातून घ्यायची आणि तिचा चॅसिस नंबर चोरीच्या गाडीवर उमटवायचा, अशी ही पद्धत असते. म्हणून कागद बरोबर असणे पुरेसे नाही. चॅसिस नंबर पत्र्यावर जिथे ठोकला आहे तिथे बोट फिरवा. सतरा अक्षरे एका रेषेत, एका खोलीची हवीत. कडेला वेल्डिंगची शिवण, पुटी किंवा रंगाची वेगळी छटा असेल तर गाडी सोडून द्या. त्या सतरांत आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात. कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या आणि आरसीशी अक्षर-अक्षर ताडा. नंबर प्लेटवर खाली डाव्या कोपऱ्यात लेझरने कोरलेला क्रमांक असतो आणि ती न उघडणाऱ्या कुलुपांनी बसवलेली असते. तिथे साधे स्क्रू दिसले तर कारण विचारा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या यादीत गाडीचा नंबर, चॅसिस आणि इंजिन क्रमांक तपासून अहवाल घ्या आणि पैसे त्यानंतरच द्या. दोन्ही किल्ल्या मागा.

स्वतःची अपघातात संपलेली गाडी विकणाऱ्यांनीही जपावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे 14 दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या आणि चॅसिस नंबरचा तुकडा कापून घेतल्याशिवाय सांगाडा भंगारात देऊ नका.